बेचाळिसाव्या दिवसानंतरही दार वाजवणाऱ्या आशाताईंना

आशाताई,

सप्रेम नमस्कार.

नवजात बाळांच्या कक्षात काम करणाऱ्या आम्ही परिचारिका हे पत्र लिहीत आहोत. निरोगी बाळ आमच्याकडे दोन-तीन दिवसच असतं आणि त्यातला बराच वेळ झोपलेलं असतं. घर डोक्यावर घेणारं रडणं सुरू होतं ते घरी गेल्यावर. तिथं आम्ही नसतो, तुम्ही असता.

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं उभी केली. २०११ पासून ते काम देशभरातल्या आशा स्वयंसेविकांकडे, म्हणजे तुमच्याकडे आलं. त्याचं वेळापत्रक तुम्हाला पाठ आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस, आणि पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. रडण्याचं वेळापत्रक वेगळं आहे. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढायला लागतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे रडणं ऐन भरात असतं, तेव्हाच कागदावरच्या भेटी संपतात. मधल्या दीड महिन्यात तुम्ही जाता-येता त्या घरात डोकावता. त्या फेरीची नोंद कुठल्या तक्त्यात होत नाही, मानधनही मिळत नाही. आमचे पहिले आभार त्या फेरीचे.

दुसरे आभार चौदाव्या दिवसाच्या भेटीत तुम्ही आधीच सांगून ठेवता त्याबद्दल: “अजून रडेल, संध्याकाळी जास्त रडेल, मग कमी होईल.” हे आधी कानावर पडलेलं असलं की सहाव्या आठवड्यात घरचे घाबरून चार दवाखाने फिरत नाहीत. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हे आठवडे जन्मापासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे, हेही तुम्ही सांगता.

मॉरिस वेसल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं १९५४ मध्ये निरोगी बाळाच्या अशा अति रडण्याचं माप ठरवलं होतं: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, ३ आठवड्यांहून जास्त काळ. बाळ पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, लालबुंद होतं, आणि सगळे म्हणतात गॅस धरला. बरेचदा उलटं असतं. रडताना हवा गिळली जाते आणि पोट त्यामुळे फुगतं.

म्हणून तुम्ही औषधाचं नाव न काढता आईला म्हणता, “पाजून दाखव बरं.” तुम्ही काय बघता ते आम्हाला ठाऊक आहे. तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, काळं वर्तुळ वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतंय का. चुकचुक आवाज येत असेल आणि गालाला खळी पडत असेल, तर पकड नीट नाही, बाळ दुधाबरोबर हवा ओढतंय. मग करंगळी हळूच तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. एक बाजू पूर्ण संपल्यावरच दुसरी द्यायची. सुरुवातीचं दूध पातळ आणि साखर जास्त असलेलं, शेवटचं स्निग्ध. दर पाच मिनिटांनी बाजू बदलली तर बाळाच्या पोटात पातळ दूधच जास्त जातं आणि शी हिरवी, फेसाळ, फुसफुसत होते. पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरायचं. ढेकर आली नाही तरी धरायचं.

संध्याकाळी काय करायचं तेही तुम्ही शब्दांत न सांगता हातानं करून दाखवता. बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्यायचं, डोकं कोपराशी, गाल एका बाजूला, हातपाय दोन्हीकडे लोंबते, आपला तळवा त्याच्या पोटाखाली. खोलीत एकच माणूस, दिवा मंद, तोंडानं हलकासा ‘शूऽऽ’. एक उपाय निदान पाच मिनिटं करायचा. घरात पाचजण असतात, प्रत्येकजण अर्धा मिनिट घेतो, हलवतो, खुळखुळा वाजवतो, आणि त्यानं बाळ आणखी बिथरतं. पोट चोळायचं ते रडणं थांबलेलं असताना, दूध पिऊन तासभर झाल्यावर, कोमट हातानं, बाळाच्या उजव्या कुशीकडून वर आणि डावीकडून खाली. मग पाय सायकलसारखे फिरवायचे. दुपट्यात गुंडाळताना कंबर आणि मांड्या मोकळ्या ठेवायच्या, नाहीतर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. पालथं धरणं हे हातावरच. झोपवताना पाठीवर, सपाट जागी, राईच्या उशीशिवाय. झोळीत मान दुमडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, म्हणून रात्रभर झोळीत ठेवायचं नाही.

आता बाळगुटीबद्दल, कारण इथं तुमचं कसब आमच्याहून मोठं आहे. आम्ही वॉर्डात “गुटी बंद” म्हणतो आणि मोकळ्या होतो. तुम्ही आजींच्या शेजारी बसता. वेखंडाचे, जायफळाचे, मुरुडशेंगेचे सहाणेवरचे वळसे प्रत्येक हाताचे वेगळे पडतात, त्यामुळे पोटात किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. जायफळानं आलेली झोप ही गुंगी असू शकते, आणि सहाणेवरच्या पाण्यातून जुलाब लागतात. मध तर वर्षभर बोटालाही लावायचा नाही. त्यातल्या जंतूंच्या विषामुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. हे सांगून तुम्ही आजींना काम देता: पाजल्यावर बाळाला खांद्यावर धरण्याचं. आजी खूश, बाळही खूश. हिंगाचा लेप लावायचाच असेल तर नाळ पडून बेंबी कोरडी झाल्यावर, पातळ, बाहेरून. ओव्या-वेखंडाची धुरी मात्र नकोच.

ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडात विल्यम वुडवर्ड यांनी काढलं आणि मुळात त्यात मद्यार्क होता. आजच्या बाटलीत तो नसतो, पण सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय साधं पाणीही द्यायचं नसतं, तर हे गोड पाणी कशाला? त्याहून धोक्याचे ते शेजारणीकडून आणलेले पोटदुखीचे थेंब. बाटलीवर डायसायक्लोमिन लिहिलेलं असेल तर सहा महिन्यांखालच्या बाळाला ते देऊ नये, श्वास थांबू शकतो. कोनाड्यातली बाटली उचलून तुम्ही नाव वाचता, त्यानं बाळं वाचतात.

मेळघाटातल्या आशाताईंचे आभार वेगळे मानले पाहिजेत. तिथं पोटफुगीला फोपसा म्हणतात आणि विळा तापवून पोटावर डागण्या देतात, तो डंबा. भाजलेल्या कातडीतून जंतू रक्तात जातात आणि पोटफुगीचं मूळ कारण तसंच राहतं. भूमकाशी, म्हणजे गावातल्या वैदूशी, वाकडं न घेता, घरच्यांना दुखवल्याशिवाय ते बाळ दवाखान्यापर्यंत आणणं किती अवघड आहे, याची आम्हाला जाणीव आहे.

आईसाठी तुम्ही जे करता तेही लिहायलाच हवं. “तुझ्या खाण्यानंच बाधलं” म्हणत बाळंतिणीचं वरण, भाजी, सगळं बंद करतात. तुम्ही ते पुन्हा ताटात आणता. रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून दहा मिनिटं अंगणात जा, पण गदगदा हलवू नको, असं तिला स्पष्ट सांगता. हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बापाला आणि सासूबाईंना समोर बसवून तेच सांगता, हे फार बरं करता.

शेवटी एक विनंती. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, ताठ फुगलेलं पोट, जांघेत गाठ, ताप किंवा गार पडलेलं अंग, दूध ओढणं बंद, दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, किंवा एकाएकी बदललेला किंचाळल्यासारखा आवाज: यातलं एकही दिसलं तर तुम्ही रात्री-अपरात्री पाठवता, तसंच पाठवत राहा. पाठवण्याआधी लंगोट काढून हातापायांची बोटं आणि शिश्न एकदा बघा. आईचा गळलेला केस तिथं गुंडाळून रुतलेला सापडतो आणि सगळं रडणं त्याचंच असतं. चिठ्ठीवर मागचं आणि आजचं वजन, शेवटची लघवी किती वाजता आणि उलटीचा रंग लिहा. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढणारं बाळ आणि न वाढणारं बाळ, यांच्या रडण्याकडे आम्ही वेगळ्या नजरेनं बघतो. रात्री दोन वाजता बाळ दारात येतं तेव्हा तुमच्या चिठ्ठीतल्या त्या तीन ओळींवरून आम्ही काम सुरू करतो.

तुमच्या,
नवजात शिशू कक्षातल्या परिचारिका