पूरबोटीच्या साखळीला रंग नको, व्हर्नियर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर पूरबोटींचं प्रात्यक्षिक झाल्याची बातमी आपल्या अंकात फोटोसह आली आहे. फोटोत पुढारी आहेत, अधिकारी आहेत, नारळ-हार आहे. बोटीच्या तोंडाशी नांगराची साखळी आहे आणि ती चांदीसारखी चमकते आहे. फोटोतल्या साखळीबद्दल मला काही बोलता येणार नाही, ती मी पाहिलेली नाही. पण आमच्या गावच्या बोटीची साखळीही यंदा अशीच चमकते. तिच्या चमकेखाली काय आहे ते मी खरवडून पाहिलंय, म्हणून हे पत्र.

मी पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठचा. साखर कारखान्यात मिलकडे फिटर होतो, आता निवृत्त आहे. साखळ्यांशी संबंध आला तो उसाच्या क्रेनमुळे आणि चेन ब्लॉकमुळे, म्हणजे साखळी ओढून जड वजन उचलायच्या कप्पीमुळे. कारखाने कायदा, १९४८ याच्या कलम २९ प्रमाणे वजन उचलणारी प्रत्येक साखळी बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम माणसाकडून तपासून घ्यावी लागे आणि तशी नोंद ठेवावी लागे. ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंग चाललेलं असतानाच हे काम उरकायचं. कडी झिजलेली निघाली तर मोळी टाकायचा मुहूर्त जवळ आलाय म्हणून कुणी ती तशीच चालवत नसे. उसाच्या मोळीला जो नियम, तो माणसं बसवायच्या बोटीला का नसावा?

८ ऑगस्ट २०१९ ला आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुराच्या पाण्यात बोट उलटली. त्या दुर्घटनेचा मी साखळीशी काही संबंध जोडत नाही. त्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. त्यानंतर बोट, लाइफ जॅकेट, इंजिन असे शब्द आम्हा नदीकाठच्या लोकांच्या तोंडी बसले. आमच्या गावच्या मान्सूनपूर्व तयारीच्या यादीत या तिन्ही गोष्टी आहेत. नांगर आणि साखळी मात्र नाही.

पुराच्या पाण्यात नांगराचं काम काय, असं काहींना वाटतं. पंख्यात जलपर्णी, साडी नाहीतर ठिबकची नळी गुंतली की इंजिन बंद पडतं. मग बोट धारेला लागते, आणि पुढे बाभळी असतात, विजेच्या तारा असतात, पूल असतो. पंखा मोकळा होईपर्यंत बोट जागेवर धरून ठेवणारी वस्तू एकच. त्यात नांगराला नुसता दोर बांधून भागत नाही. नांगराजवळची चार-पाच मीटर साखळी आपल्या वजनाने तळाशी पडून राहते, त्यामुळे ओढ आडवी येते आणि नांगर मातीत रुततो. नुसता दोर असला तर ओढ वरच्या बाजूला येऊन नांगर उपटतो, शिवाय दोर दगडाला घासून तुटतो तो वेगळाच. धारेत बोट झोके खाते, तेव्हा साखळीवर ताण बसतो तो हिसक्यांनी. झिजलेली कडी नेमक्या अशा हिसक्याला दगा देते. (नांगर नेहमी बोटीच्या तोंडाकडून टाकावा. मागच्या बाजूने टाकला तर धारेचं पाणी मागून आत चढतं. हे आमच्या नव्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.)

आता आमच्या साखळीची कथा. वर्षभर ती खताच्या प्लास्टिक पोत्यात कोंबून ठेवलेली होती. पोत्याच्या तळाला ओल राहते, वरून वारा लागत नाही. उन्हाळ्यात पोतं उपसलं तर वरच्या कड्या नुसत्या तपकिरी झालेल्या, पण तळाच्या कड्या एकमेकींना धरून बसलेल्या, आणि हातोडी मारली की पापुद्र्यासारखे पोपडे निघायचे. साखळी दुरुस्तीला गेली. तिथे दोन कड्या कापल्या, सळई वाकवून तशाच दोन कड्या केल्या, वेल्डिंग मारलं आणि वरून ॲल्युमिनियम पेंट. बिल निघालं, साखळी परत आली, सगळे खूश. मी तारेच्या ब्रशने एक कडी साफ केली. दोन कड्या जिथे एकमेकींवर टेकतात, तिथेच झीज सगळ्यात जास्त असते. व्हर्नियर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं साधन, लावला. ८ मिलिमीटरची कडी तिथे साडेसहा भरली.

साडेसहा म्हणजे दीडच मिलिमीटर गेला, असं ऐकायला मिळालं. पण साखळीची ताकद व्यासाच्या वर्गावर जाते. आठाचे चौसष्ट, साडेसहाचे सव्वाबेचाळीस. म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. मोठ्या जहाजांच्या साखळीचासुद्धा सरासरी व्यास १२ टक्के घटला की ती कडी बाद धरतात. आपल्या ८ मिलिमीटरला तो हिशेब साधारण ७ वर येतो. वर्कशॉपात केलेल्या त्या दोन कड्यांचा भरवसा तर आणखी कमी. सळई कुठल्या पोलादाची, वेल्ड आतपर्यंत गेलं की वरच्यावर बसलं, हे पेंटखाली कुणाला दिसणार?

गंज दिसला की साखळी भंगारात घाला, असं मी म्हणत नाही. जस्ताचा मुलामा उडून वर तपकिरी थर आला असेल आणि व्यास शाबूत असेल, तर ती पुन्हा गॅल्व्हनाइज करून घेता येते. आधी ॲसिडच्या टाकीत जुना मुलामा आणि गंज काढतात, मग सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. पण साखळी बाहेर काढताना हलवून जादा जस्त झटकावं लागतं, नाहीतर कड्या एकमेकींना चिकटून साखळीचं लोढणं होतं. गज-अँगल बुडवणारे कारखाने ही कटकट घ्यायला सहसा राजी नसतात. त्यातून ८ मिलिमीटरची पाच मीटर साखळी म्हणजे जेमतेम सात किलो. एवढ्याशा मालाला वाहतूक आणि मजुरी घालण्यापेक्षा नवी गॅल्व्हनाइज साखळी आणणं परवडतं. लांबलचक साखळी असती तर मी उलटं सांगितलं असतं.

चेन ब्लॉकची जुनी साखळी पडून आहे, ती लावू, असंही ग्रामपंचायतीच्या एका सदस्याने सुचवलं. हेतू चांगला, पण नको. ती कडक केलेल्या पोलादाची असते आणि तिच्यावर जस्त नसतं, त्यामुळे ओलीत गंजते. तिला गॅल्व्हनाइज करावं, तर ॲसिडने ती ठिसूळ होऊ शकते आणि ४५० अंशांत तिचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो.

नवी साखळी आली की तिचं शॅकल, म्हणजे ती नांगराला जोडायची पिनवाली कडी, तिच्याच मापाचं, गॅल्व्हनाइज केलेलं घ्यावं आणि पिन तारेने बांधावी, नाहीतर हिसक्यांनी ती सुटते. दोराचं आतलं टोक बोटीला असं बांधावं, की वेळ आली तर कोयत्याच्या एका घावात तोडता येईल. काम झाल्यावर साखळी स्वच्छ पाण्याने धुऊन पोत्यात नाही, तर खुंटीला टांगावी. आणि तहसीलच्या तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवावी: नांगर-साखळी, सर्वात झिजलेल्या कडीचं माप, तारीख, सही.

आमच्या ग्रामपंचायतीला मी हे तोंडी सांगितलं आहे, आता लेखीही देतो आहे. आजूबाजूच्या गावांनी निरोप द्यावा, व्हर्नियर घेऊन येईन, पैसे नकोत. एवढंच करा, की जुनी साखळी भंगारात देण्याआधी कापून तुकडे करा. नाहीतर हंगामात ती कुणाच्या तरी उसाच्या ट्रॉलीला लागलेली असेल.

आपला,
एक निवृत्त फिटर, ता. पलूस, जि. सांगली