गुरुवार, पहाटे

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "पप्पा, चर्चच्या मंडळीत ओळखतात सगळे, पण मनातलं बोलावं असं कुणी नाही." मी "प्रार्थना कर" म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. नंतर माझी मलाच लाज वाटली. तू काहीतरी सांगायला आला होतास आणि मी वचन पुढे करून तुझी बोळवण केली. म्हणून आज लिहायला बसलोय.

आपल्याकडे "सहभागिता", म्हणजे विश्वासातल्या माणसांनी एकमेकांशी जोडलेलं असणं, हा शब्द फार पटकन वापरला जातो. उपासना संपते, हात मिळवले जातात, "कसे आहात?", "प्रभूची कृपा!", की लगेच गाडीची किल्ली बाहेर. सकाळी ग्रुपवर फुलांच्या चित्रावर वचन येतं, आपण हात जोडलेलं चिन्ह टाकतो. यात वाईट काही नाही. पण दहा वर्षं हे करूनही शेजारच्या बाकावरच्या माणसाला रात्री झोप लागते की नाही, हे आपल्याला कळत नाही.

तुला चष्मेवाले काका आठवतात ना? तुझ्या वाढदिवसाला बायबलमधली कोडी घालायचे ते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही.

तू चार वर्षांचा असशील. मी तेव्हा मंडळीचा खजिनदार होतो, प्रार्थनेत पुढे असायचो, साक्ष द्यायला उभा राहिलो की लोक "आमेन" म्हणायचे. आणि त्याच काळात तुझ्या आईला न सांगता मी कर्ज काढलं होतं. एक फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. मंडळीच्या पैशाला हात लावला नाही, पण एकदा पेटीसमोर बराच वेळ उभा राहिलो होतो, हेही आज लिहून टाकतो. एका रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघं खुर्च्या उचलून ठेवत होतो. काका हातातली खुर्ची खाली न ठेवताच म्हणाले, "हल्ली प्रार्थनेत फार सुंदर शब्द वापरतोस. काय लपवतोयस?"

मला इतका संताप आला! मी त्यांच्याशी पाच महिने बोललो नाही. बाक बदलला. मनात म्हणायचो, हा कोण न्याय करणारा? मित्राच्या हातचे घाव विश्वासाचे असतात, असं नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. मी त्यावर कधीकाळी मनन दिलं होतं. घाव स्वतःवर बसला तेव्हा ते आठवलंसुद्धा नाही.

शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "इतके दिवस कुठे होतास" हा प्रश्न नाही, उपदेश नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता आधी घरी सांग. मी बाहेर थांबतो." आणि खरंच थांबले. पाऊस भुरभुरत होता. मी आत तुझ्या आईसमोर बसलो होतो आणि हा माणूस फाटकापाशी दीड तास उभा. आई किती चिडली ते तिलाच विचार, मी लिहीत नाही. पण खिडकीतून ते दिसत होते, म्हणून मी अर्धवट सांगून उठू शकलो नाही. कर्ज त्यांनी फेडलं नाही, तेवढे पैसेही नव्हते त्यांच्याकडे. फेडायला मला सहा वर्षं लागली.

दावीद आणि योनाथान हे जिवलग मित्र म्हटले की आपल्याला झगा, धनुष्य आणि शपथ आठवते. मला मात्र 1 शमुवेलचा तेविसावा अध्याय जास्त जवळचा वाटतो. शौल राजा, योनाथानाचा बाप, दाविदाला मारायला रोज त्याचा शोध घेतोय, दावीद जीफच्या रानात लपलाय. योनाथान उठून तिथे जातो. सैन्य नेत नाही, भाकरी नेल्याचाही उल्लेख नाही. तो देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करतो, एवढंच लिहिलंय. म्हणतो, भिऊ नकोस, तू राजा होशील. बोलणारा कोण, तर गादीचा वारस! म्हणजे त्या एका वाक्यात तो स्वतःचं सिंहासन देऊन टाकतोय. मग दावीद रानात राहतो आणि योनाथान घरी जातो. संकट जिथल्या तिथेच. मी तुझा दुय्यम होईन, असंही तो म्हणाला होता, ते तर कधी घडलंच नाही. गिलबोवाच्या डोंगरावर तो पडला.

हे सांगतोय, कारण विश्वासातला मित्र मिळाला की सगळं सुरळीत होतं, असं मला तुला सांगायचं नाही. जॉन न्यूटन आणि विल्यम कूपर यांचंच बघ. दोघं इंग्लंडमधल्या ओल्नी गावात शेजारी राहायचे. न्यूटन तिथे पाळकाचं काम करायचा, कूपर कवी. दोघांनी मिळून केलेला गीतांचा संग्रह 1779 साली छापला गेला, 'अमेझिंग ग्रेस' त्यातलंच. पण त्याआधी 1773 साली कूपरचं मन पार कोसळलं. देवाने आपल्याला टाकलं, हे त्याच्या डोक्यातून जाईना, जीव द्यायलाही निघाला. न्यूटनने त्याला वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. कूपर त्यातून पूर्ण बरा कधीच झाला नाही. न्यूटनला काही चमत्कार जमला नाही, त्याने फक्त दार बंद केलं नाही. (तुझं मन तसं खचत असेल तर डॉक्टरकडेही जा. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण लावणाऱ्यांचं ऐकू नकोस.)

कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उसकून खाली सोडलं. मार्क लिहितो, येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा! खाटेवरच्या माणसाचा त्या दिवशी किती विश्वास होता, कोण जाणे. माझी आई, म्हणजे तुझी आजी गेली, तेव्हा मला तीन महिने प्रार्थना करता आली नाही. ओठच हलायचे नाहीत. काका यायचे, माझ्या वतीने प्रार्थना करायचे आणि जायचे. मी "आमेन"सुद्धा म्हणायचो नाही.

आता तू म्हणशील, असा मित्र आणायचा कुठून? शोधून मिळतो की नाही, मला खरंच सांगता येत नाही. एवढंच बघ, की एखादा माणूस दुसऱ्याबद्दल तुझ्यासमोर काय बोलतो. आपल्यात चहाड्या प्रार्थनेचा विषय म्हणून फिरतात, "जरा त्याची आठवण करा हं" म्हणून सुरुवात होते आणि रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळलेलं असतं. जो असं करत नाही त्याला आधी लहानसं काही सांग आणि ते कुठे जातं ते पाहा. विश्वासात नसलेले मित्र सोडून दे, असंही मी म्हणत नाही. तुझा तो होस्टेलमधला मित्र लाखात एक आहे.

आणि भांडण झालं तर घाबरू नकोस. मार्काला बरोबर न्यायचं की नाही, यावरून प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं एवढं बिनसलं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तुरुंगातला पौल काय मागतो बघ: त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तकं, आणि मार्काला बरोबर घेऊन ये. हिवाळ्यापूर्वी ये, असंही. एवढा मोठा प्रेषित, पण त्याला माणूस हवा होता. गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री, तर प्रभूनेच तीन शिष्यांना म्हटलं, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, ही गोष्ट वेगळी.

परवा तुला जे सांगायचं होतं ते मला सांगितलं नाहीस तरी चालेल. बापाला सगळं सांगता येत नाही, मीही माझ्या वडिलांना सांगितलं नव्हतं. पण ज्याला सांगशील त्याला या आठवड्यात सांग.

काकांना आता नीट ऐकू येत नाही, फोनवर ओरडून प्रार्थना करावी लागते. आई म्हणते, तुमची पापं आता अख्ख्या बिल्डिंगला पाठ झाली असतील. थांबतो. आज गुरुवार, साडेपाच वाजत आलेत, आणि मी उशीर केला की ते दोनदा रिंग देतात.

तुझे,
पप्पा