कोऱ्या मलमाचा गट कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमुक पाल्याने जखम लवकर भरते, अशा संशोधनाच्या बातम्या वरचेवर येतात. वनस्पती बहुधा दगडी पाला, कोरफड नाहीतर हळद. झाडपाल्यात गुण नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण जखम लवकर भरली ती कशापेक्षा, हे बातमीत क्वचितच असते.

प्रयोगाची रीत ठरलेली. भूल दिलेल्या पांढऱ्या उंदराच्या पाठीवरचे केस काढून 25 मि.मी. व्यासाची कातडी पूर्ण जाडीची उचलतात. जखम साधारण 490 चौ.मि.मी. होते. सावलीत वाळवलेल्या पाल्याचा अल्कोहोलमधला अर्क आटवून 5 ग्रॅम अर्क 95 ग्रॅम साध्या मलमात खलतात. एका गटाला हे मलम, दुसऱ्याला पोव्हिडोन आयोडिन, तिसऱ्याला काहीच नाही. गडबड इथेच होते. साध्या मलमात 85 टक्के मऊ पॅराफिन असते, म्हणजे व्हॅसलीनच. त्याने जखम ओलसर राहते. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवर दाखवले की पॉलिथीनने झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने चढते. म्हणून अर्क न घातलेल्या कोऱ्या मलमाचा गट हवाच. तो नसेल तर श्रेय पाल्याचे की पॅराफिनचे, सांगता येत नाही. आणि आयोडिनला हरवणे ही काही मर्दुमकी नव्हे; ते जंतू मारण्यासाठी असते, जखम लवकर भरावी म्हणून नव्हे.

दुसरी मेख उंदराच्या कातडीत आहे. तिच्याखाली स्नायूचा पातळ पदर असतो, त्यामुळे जखमेच्या कडा आकसून जवळ येतात. माणसाची जखम मुख्यतः तळातून मांस भरून आणि कडेने नवी कातडी चढून भरते. यावर तोड म्हणून जखमेभोवती सिलिकॉनची कडी टाक्यांनी बसवतात, म्हणजे कडा ओढल्या जात नाहीत. ‘आठव्या दिवशी जखम 50 टक्के आकसली’ हा आकडा कडीविना काढला असेल, तर माणसाच्या दृष्टीने त्याला फारसे वजन नाही.

मोजणीही वाटते तितकी सरळ नाही. पारदर्शक कागद जखमेवर ठेवून पेनाने कड गिरवतात, मग आलेख कागदावरचे चौकोन मोजतात. उंदराची कातडी सैल. तो वाकून बसला की जखम ताणली जाऊन मोठी दिसते, पसरून बसला की लहान. खपलीची कड जखमेची समजून गिरवली तरी आकडा चुकतो. कुठल्या उंदराला कोणते मलम लावले हे गिरवणाऱ्याला ठाऊक नसावे. पण हळद कातडी पिवळी करते, मग कोऱ्या मलमालाही पिवळा रंग द्यावा लागतो. उंदीर एकेकटे ठेवले नाहीत तर एकमेकांचे मलम चाटतात, ते वेगळेच.

हळदीचे नाव निघाले की पेटंटची लढाई सांगितली जाते. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने लढून 1997 मध्ये ते रद्द करवले. अभिमानाचीच गोष्ट. पण ते रद्द झाले ते हा वापर नवा नव्हता म्हणून. हळदीने जखम किती लवकर भरते, हा त्या वादाचा मुद्दाच नव्हता. शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिच्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, ते उकळूनही सगळे मरत नाहीत, आणि भुकटीचे कण जखमेत अडकून राहतात. मातीत लागलेल्या जखमेवर हळद दाबून धनुर्वाताचे इंजेक्शन टाळणे तर सरळ धोक्याचे.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की अशी बातमी देताना तीन गोष्टी विचाराव्यात: कोऱ्या मलमाचा गट होता का, प्रत्येक गटात उंदीर किती होते, आणि वनस्पतीचा नमुना ओळख पटवून जपून ठेवला आहे का. उत्तरे बातमीतच छापावीत, ‘नाही’ असतील तरीही.

आपले,
औषधनिर्माणशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे