मंत्रीमहोदय, आमच्या मुलांशी कसं खेळायचं ते आईबापांना शिकवायची सोय करा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एका ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलाची आई आहे. पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय कारण जे मागायचंय ते फक्त माझ्या मुलासाठी नाहीये. ऑटिझम असलेल्या लहान मुलांना प्ले थेरपी वेळेवर मिळावी, आणि मुलाशी कसं खेळायचं हे आईबापांना शिकवायची सोय जवळच्या सरकारी दवाखान्यातच व्हावी, एवढंच मागणं आहे.

खेळायला थेरपी कशाला लागते, मूल घरी खेळतंच की, हे मी खूप जणांकडून ऐकलंय, शिकल्यासवरलेल्यांकडून पण. पण साहेब, ऑटिझममध्ये नेमकं तिथेच अडतं. दीड वर्षाचं मूल एरवी काही आवडलं की बोट दाखवतं आणि लगेच वळून आपल्या तोंडाकडे बघतं, तुलाही दिसलं ना म्हणून, बाहुलीला खोटंखोटं झोपवतं, हाताला लागेल ती वस्तू फोन म्हणून कानाला लावतं. आमच्या बऱ्याच मुलांमध्ये हे उशिरा येतं किंवा फार कमी येतं. १९९२ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ महिन्यांच्या मुलांसाठी जी चेकलिस्ट तयार केली त्यात शब्द किती येतात यापेक्षा भर होता तो ह्याच गोष्टींवर, बोट दाखवणं, खोटंखोटं खेळणं, दुसरा बघतोय तिकडे बघणं. बोलणं ह्याच्यावरच उभं राहतं. तुझी पाळी माझी पाळी हे आधी खेळात येतं आणि मग बोलण्यात, म्हणून नुसतं "म्हण बाळा, म्हण" करून फारसं हाती लागत नाही.

आता थेरपी म्हणजे प्रत्यक्षात काय करतात ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती गंमत वाटते. माझा मुलगा तासन् तास कपाटाचं दार उघडायचा आणि लावायचा, आम्ही त्याला तिथून उचलून दुसरीकडे न्यायचो आणि तो किंचाळायचा. थेरपिस्ट ताईंनी त्याला उचललं नाही, खेळणंही पुढे केलं नाही, त्या दाराच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. दार उघडलं की त्यांचा चेहरा दिसायचा आणि त्या हळूच "भॉक" म्हणायच्या, लावलं की गप्प. बराच वेळ त्याने लक्षच दिलं नाही, मग एकदा दार उघडून थांबला आणि त्यांच्याकडे बघत राहिला, वाट बघत. तोपर्यंत दार त्याचं एकट्याचं होतं, आता त्यात दुसरं माणूस आलं! सगळ्या पद्धतींचा गाभा मला तरी हाच वाटतो, मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, त्याला काय आवडतं ते धरायचं आणि त्यात थोडी जागा करून थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड असतं, आईबापांना तर फारच.

पद्धती वेगवेगळ्या आहेत. स्टॅनली ग्रीनस्पॅन आणि सेरेना वायडर यांची फ्लोअरटाइम, म्हणजे मोठ्यांनी खाली जमिनीवर बसून मुलाच्या मागे मागे जायचं. कॉनी कसारी यांची जास्पर, त्यात एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देणं आणि खोटंखोटं खेळणं ह्यावर जोर असतो. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या, खेळता खेळता शिकवणाऱ्या अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेलचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला, दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं होती, दोन वर्षांनी ही पद्धत मिळालेल्या गटातली मुलं भाषेत आणि रोजच्या कामात नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा पुढे होती.

पण मला तुम्हाला जास्त सांगायचंय ते इंग्लंडमधल्या पॅक्ट ह्या अभ्यासाबद्दल, कारण त्यात थेरपिस्ट मुलावर काम करतच नाही, तो आईबापांवर करतो. १५२ मुलं होती, पाच वर्षांच्या आतली. आई मुलाशी खेळते त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तिच्याबरोबर बसून बघायचा, बघा इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही घाई केलीत. २०१० मध्ये पहिले निकाल आले तेव्हा आईबापांचं वागणं बरंच बदललेलं दिसलं पण ऑटिझमच्या लक्षणांत म्हणावा असा फरक नव्हता, आणि साधारण सहा वर्षांनी, २०१६ मध्ये, तीच मुलं परत तपासली तर लक्षणांची तीव्रता नेहमीचेच उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. ह्याच पद्धतीवरून गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांसोबत काम झालं, १२ सेशन, आणि ती घेणारे लोक स्पेशालिस्ट नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते! अभ्यास छोटा होता, पण आईबाप मुलाच्या कलाने जास्त बोलू लागले आणि मुलंही स्वतःहून जास्त पुढाकार घेऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कोर्स तर तयारच आहे, २ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी, ९ ग्रुप सेशन आणि ३ गृहभेटी, खेळ आणि घरातली रोजची कामं ह्यांच्यावरच बेतलेला. स्पेशालिस्ट कमी आहेत हे कारण मला पटत नाही ते म्हणूनच.

ह्याने ऑटिझम जात नाही. जो कोणी खेळातून किंवा कशातूनही ऑटिझम बरा करून देतो म्हणतो त्याच्यावर तुमच्या खात्याने कारवाई करावी, घाबरलेले आईबाप अशा लोकांच्या हातात फार पटकन सापडतात. आणि एक भीती पण आहे, सरकारी योजना झाली की आकडे भरावे लागतात, आणि मग "नजर किती सेकंद मिळवली" आणि "हात हलवणं किती कमी झालं" असले रकाने येतील. कृपा करून ते आणू नका. हात हलवून मूल स्वतःला शांत करतं, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाहीये. मुलाने स्वतःहून किती वेळा कुणाला खेळात ओढलं, नको असेल तेव्हा "नको" सांगता आलं का, आईचा धीर वाढला का, हे मोजा.

तर करायचं काय, माझ्या दृष्टीने पहिलं हे की डायग्नोसिसच्या कागदासाठी थांबवू नका. तपासणीची तारीख मिळायलाच महिनोन् महिने जातात आणि तोपर्यंत घरी काय करायचं हे आम्हाला कुणीच सांगत नाही. शंका आली त्याच दिवशी पालकांचं नाव ग्रुपमध्ये घाला, पुढे ऑटिझम नाही निघाला तरी मुलाशी नीट खेळल्याने कुणाचं नुकसान होत नाही. लसीकरणाला मूल येतंच, तिथल्या आरोग्यसेविकेला ही लक्षणं ओळखायचं आणि हे ग्रुप घ्यायचं ट्रेनिंग द्या, तिच्यावर देखरेखीला अनुभवी थेरपिस्ट ठेवा, आणि ह्या कामाचा तिला वेगळा मोबदला द्या, आधीच्या कामांच्या डोक्यावर फुकट टाकू नका. ग्रुपच्या वेळा कामावर जाणाऱ्या बापांना पण जमतील अशा ठेवा, नाहीतर सगळं परत आईवरच येतं. आणि योजना लिहायला बसाल तेव्हा टेबलाशी ऑटिस्टिक मोठी माणसं असू द्या, लहानपणी त्यांच्यावर काय काय केलं गेलं आणि त्यातलं काय नको होतं हे तेच सांगू शकतील.

तुमच्या खात्यात हा विषय कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे तेवढं जाहीर कळवावं, आम्ही काही पालक आणि थेरपिस्ट लेखी आराखडा घेऊन त्यांना भेटायला तयार आहोत.

आपली,
एका ऑटिस्टिक मुलाची आई