आई-बाबा, बुधवार ठरला आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बघू" म्हणाले असते आणि विषय तिथेच मिटला असता, म्हणून लिहायला बसले. एका दिवसात अख्खं लंडन दाखवणारी ती बस मी ठरवलेली नाही. त्याऐवजी जूनमधला एक बुधवार आपल्या तिघांसाठी ठेवला आहे, रजा मंजूर झाली आहे आणि संध्याकाळी साडेसातच्या नाटकाची तिकिटंही काढली आहेत. ती परत करता येत नाहीत.

बाबा, रागावू नका. शेजारच्या काकांनी लिहून दिलेली यादी मी दोनदा वाचली. पण तशा सहलींत प्रत्येक ठिकाणी घाईघाईने उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा पायऱ्या चढायच्या. तुमचा गुडघा दुपारपर्यंत कुरकुरायला लागेल आणि तुम्ही कोणाला सांगणार नाही. आईची जेवणाची वेळ टळली की साखर खाली येते, आणि तीही सांगणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत "चाललंय की" म्हणत राहाल. मला ते नको आहे. तुमच्याच्याने होणार नाही असं मी म्हणत नाही. या वयात एवढा प्रवास करून येताय, यातच सगळं आलं. फक्त त्या दिवशी कशाचीच घाई नको.

सकाळी आरामात निघू, नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर. वेम्बली पार्क स्टेशनला लिफ्ट आहे, वेस्टमिन्स्टरलाही आहे, आणि ज्युबिली लाइन थेट जाते. वाटेत डॉलिस हिल लागतं. त्या भागात महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, पण तिथे आपण वेगळ्या दिवशी जाऊ. वेस्टमिन्स्टरला वर आलं की समोरच बिग बेनचा मनोरा. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजींचा पुतळा आहे, तिथे हवं तेवढं बसा. बाबा, तासाचे टोल पूर्ण ऐकल्याशिवाय तुम्ही हलणार नाही हे मला माहीत आहे, तेवढा वेळ धरला आहे.

मग बोट. आई, घाबरू नकोस. ती होडी नाही. बंद काचांची, खुर्च्यांची, आत स्वच्छतागृह असलेली मोठी बोट आहे, त्यामुळे बाबांच्या पाण्याच्या गोळीची चिंता नाही. एकच गोष्ट मला खटकत होती, ती धक्क्यावरची उतरण. आपल्या कृष्णेचं पाणी पावसाळ्यात चढतं. थेम्सचं मात्र रोज दोनदा चढतं आणि उतरतं, लंडनमध्ये काही वेळा सात मीटरपर्यंत. ओहोटीला धक्क्यावरून बोटीकडे उतरणारा पूल चांगलाच तिरका होतो, भरतीला जवळजवळ सपाट. त्या दिवशीचं वेळापत्रक बघून भरतीच्या सुमाराची बोट धरली आहे. अर्ध्या तासात टॉवरला पोचू. वाटेत उजव्या हाताला शेक्सपिअरच्या ग्लोबची प्रतिकृती दिसेल आणि शेवटी समोर टॉवर ब्रिज, १८९४ चा.

टॉवरच्या आत जायचं नाही. आई, कोहिनूर तिथेच आहे आणि तुला तो बघायचाच आहे, विसरले नाहीये. त्यासाठी वेगळी सकाळ ठेवली आहे. त्या दिवशी तटाबाहेर बाकावर बसून डबा खायचा: मेथीची थालीपिठं, दही, तुझ्यासाठी काकडी. मग थोडा चढ चढून पंधरा नंबरची बस. इथल्या बसला चढायला पायऱ्या नसतात, थांब्यावर ती फुटपाथकडे झुकते. खालीच बसायचं; वरच्या मजल्याचा हट्ट बाबांनी करू नये. सेंट पॉल्सचा घुमट आणि फ्लीट स्ट्रीट खिडकीतूनही छान दिसतात.

ऑल्डविचला उतरलो की सगळं पायाशी. बाबा, हा भाग मी तुमच्यासाठीच निवडला. बाबासाहेब जिथे शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स नाट्यगृहापासून काही मिनिटांवर आहे. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली ती इथलीच. आयुष्यभर बँकेत रुपये मोजलेल्या माणसाला तो दरवाजा दाखवायचा, हे मी इथे आले तेव्हाच ठरवलं होतं. मग समरसेट हाउसच्या चौकात, कारंज्यांपाशी, संध्याकाळपर्यंत बसायचं. चहा मी थर्मासमधून आणीन. डुलकी लागली तर लागू दे.

आणि मग नाटक. लायसियम थिएटर, 'द लायन किंग'. तिथे १९९९ पासून चालू आहे. तिकिटाचे पौंडाचे रुपये करत बसू नका. भावे नाट्यमंदिराच्या तिकिटांसाठी तुम्ही कुठे कुठे काटकसर केलीत हे मला आता कळतं, तेव्हा कळू दिलं नाहीत. तिसऱ्या अंकात बाबांच्या मांडीवर झोपायचे आणि आईच्या शालीला मध्यंतरातल्या बटाटेवड्याचा वास यायचा. ऑर्गनचा सूर ऐकला की अजूनही झोप येते मला, छान, निर्धास्त झोप.

आई, "मला इंग्रजी कळत नाही, तुम्ही दोघं जा" हे चालणार नाही. नाटक सुरू होतं तेच झुलू भाषेतल्या आरोळीने. शेजारच्या इंग्रजांनाही ती कळत नाही. पुढची गोष्ट म्हणजे काका गादीसाठी भावाला मारतो आणि पुतण्याच्या जिवावर उठतो. शनिवारवाडा पाहिलेल्या तुला ती कोणी सांगायला नको. प्राण्यांचे मुखवटे नटांच्या डोक्यावर असतात, चेहरा लपत नाही. तुझ्या माहेरच्या दशावतारातली सोंगं तुला नक्की आठवतील. हत्ती तर प्रेक्षकांमधून चालत येतो, म्हणून वाटेलगतच्या खुर्च्या घेतल्या आहेत, जिने चढावे लागणार नाहीत अशा. बाबांनाही पाय लांब करता येतील. बाबा, वादक खरे आहेत, ध्वनिमुद्रण नाही. तालवाद्यं वाजवणारे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांत बसतात, तुमचं लक्ष तिकडेच राहील. फक्त वन्स मोअर मागू नका, इथे देत नाहीत. मला ते फार चुकीचं वाटतं, पण नाही देत. वडाही नसतो. आइसक्रीमचे छोटे डबे असतात. आई, तुला दोन चमचे, बाकीचं माझं.

सुटायला दहा वाजतील. जूनमध्ये सूर्यच मुळी सव्वानऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा "किती रात्र झाली" असं म्हणू नकोस. परतताना काळी टॅक्सी, दारापर्यंत.

आता नीट वाचा. गोळ्या महिन्याच्या जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घ्या. बाबांनी नवे बूट आत्ताच विकत घेऊन रोज आमराईत घालून फिरावं, विमानात पहिल्यांदा घालू नयेत. काठी आणाच, इथे निम्म्या लोकांच्या हातात असते. आई, स्वेटर दोन. पोह्यांचे पापड आणू नकोस, मेतकूट आण. आणि गुडघ्याचा एक्स-रे बाबा पुढच्या आठवड्यात करणार होते, तो या आठवड्यात करून रिपोर्ट मला पाठवा.

तुमची,
चिमू