हॅटनच्या त्या बोटवाल्या काका-काकूंचे मनापासून आभार

इंग्लंडमध्ये वॉरिकजवळ हॅटनला ग्रँड युनियन कालव्यावर ओळीने 21 लॉक आहेत (लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, त्यातलं पाणी वर-खाली करून बोट चढवतात-उतरवतात), भाड्याची नॅरोबोट म्हणजे कालव्यातली लांब अरुंद बोट घेऊन आम्ही उतरत होतो, आयुष्यात पहिल्यांदाच. चौथ्या लॉकमध्ये पाणी खाली जात असताना माझं लक्ष नव्हतं आणि बोटीची मागची बाजू वरच्या दरवाजाखालच्या उंबरठ्यावर अडकली, पुढची बाजू खाली झुकायला लागली. आत आई होती, कपबशा घसरल्याचा आवाज आला, मला काहीच सुचेना.

मागच्या बोटीवरचे काका धावत आले, आधी खालच्या झडपा बंद केल्या, मग वरून हळूहळू पाणी सोडलं, बोट परत तरंगली. एका शब्दाने ओरडले नाहीत. काकूंनी आईचा हात धरून तिला काठावर बसवलं आणि साखर विचारून चहा दिला.

मग म्हणाले जोडीनेच जाऊ, लॉक रुंद आहेत, दोन्ही बोटी शेजारी शेजारी मावतात. शेवटपर्यंत सोबत होते हो! प्रत्येक लॉकला उंबरठा कुठपर्यंत आहे ते सांगणारी भिंतीवरची पांढरी खूण दाखवायचे, हिच्या पुढे राहा. मधे नुसत्या गप्पा, पावसाच्या, त्यांच्या कुत्र्याच्या. जुने बोटवाले नवख्यांना हिडीसफिडीस करतात असं ऐकलं होतं, आम्हाला तरी तसं कोणी भेटलं नाही.

नावं विचारायची राहिली. काकू, आई अजून तुमच्या चहाबद्दल सगळ्यांना सांगते.