बागेत छाटायला कोण येतं?

मॅडम,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. तुमचे आभार समोर बसून मानेनच, पण आमच्या निफाड-दिंडोरीकडच्यांनीही ही गोष्ट ऐकावी म्हणून इथं लिहितोय.

कॅलिफोर्नियात नॉर्थरिजच्या विद्यापीठात मी आलो कॉम्प्युटर शिकायला. चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, इतिहासाचा तुमचा वर्ग घेतला तो निव्वळ वेळापत्रकात बसला म्हणून. चिकानो अभ्यासाचा हा विभाग १९६९ साली विद्यार्थ्यांनी भांडून मिळवलाय, याचीही मला खबर नव्हती.

कॅलिफोर्नियातल्याच डिलेनो गावच्या द्राक्षमजुरांच्या संपावर निबंध लिहायचा म्हटल्यावर मात्र मी खूश. द्राक्षं म्हणजे घरचाच विषय! आमची चार एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. त्यामुळे लिहिलं तेही बागायतदारासारखंच: माल वेलीवर तयार असताना संप झाला तर कर्ज कुणी फेडायचं? तुम्ही गुण कापले नाहीत. खाली फक्त विचारलंत, तुमच्या बागेत छाटायला कोण येतं? त्यांची नावं काय?

मला एकही नाव येईना. सुरगाण्याची टोळी, एवढंच. गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला यायची, मग डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, शेडमध्ये राहायची. लहानपणी त्यांच्या पोरांबरोबर खेळलोय मी. रात्री घरी फोन केला. "तुला कशाला हवंय ते तिकडे?" वडील म्हणाले. आईनं मात्र सात नावं घडाघडा सांगितली.

मग तो संप पुन्हा वाचायला घेतला. ८ सप्टेंबर १९६५ला काम थांबवलं होतं फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलिआँग यांच्या पुढाकारानं. आठच दिवसांनी सेसार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची, बहुतांश मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. त्याआधी मालक एकांचा संप दुसऱ्यांना आणून मोडायचे. इथं मी थांबलो. "हे नाही म्हणतात? मग पेठची टोळी बोलव," हे वाक्य मी आमच्या ओट्यावर कितीदा ऐकलंय! डिलेनोत ते चाललं नाही. देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला, आणि पाच वर्षांनी, १९७० साली, मालकांनी करार केले. त्यांत फवारणीच्या विषापासून मजुरांना जपायची कलमंही होती. आमच्याकडे फवारणीवाल्याच्या तोंडाला असतो फक्त रुमाल.

त्या एका प्रश्नाबद्दल मनापासून आभार, मॅडम. निबंध पुन्हा लिहितोय. सातही नावं घातलीत. एकरी मजुरीचा आकडा तेवढा राहिलाय, वडील अजून सांगत नाहीत.

तुमचा,
मागच्या बाकावरचा नाशिककर